‘दिदाखे’ ग्रंथातील संदेष्ट्यांची पारख

आद्य ख्रिस्ती मंडळ्यांपुढे एक पेच वारंवार उभा राहत असे. गावोगाव फिरणारा एखादा उपदेशक दारी येऊन आपण आत्म्याच्या प्रेरणेने बोलतो असे सांगू लागला, तर काय करावे? त्याला अव्हेरावे, तर पवित्र आत्म्याचा अवमान होण्याचे भय; स्वीकारावे, तर फसगतीचे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संदेशांना तुच्छ न लेखण्याचा आणि सर्व गोष्टी पारखून घेण्याचा असे दोन्ही उपदेश पौल एकाच ठिकाणी करतो. ही पारख प्रत्यक्षात कशी करावी, याचे तपशीलवार उत्तर ‘दिदाखे’ (शिकवण) या सोळा प्रकरणांच्या ग्रीक ग्रंथात सापडते. त्याचे १०५६ मधील हस्तलिखित फिलोथेऑस ब्रिएन्निऑस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आढळले व १८८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ग्रंथाची रचना पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

अकराव्या प्रकरणात प्रथमदर्शनी विसंगती दिसते. आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा करू नये, असे ग्रंथकार बजावतो. परंतु असे बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, प्रभूची रीत ज्याच्या आचरणात आहे तोच संदेष्टा, असेही तो लगेच सांगतो. या विसंगतीचा उलगडा पुढील नियमांवरून होतो. परीक्षा वाणीची नाही, वर्तनाची आहे. आलेल्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही तो राहिला, तर तो खोटा. निघताना त्याने पुढील मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. द्रव्य मागितले, तर तो खोटा. मात्र इतर गरजूंसाठी कोणी मागितले, तर त्याला दोष देऊ नये. बाराव्या प्रकरणात याच धर्तीवर, काम न करता राहू पाहणाऱ्या आगंतुकाला ग्रंथकार ‘ख्रिस्ताचा व्यापारी’ म्हणतो. तथापि हा निव्वळ संशयवाद नव्हे. खरा संदेष्टा वस्तीस राहिला, तर प्रथमफळे त्यालाच द्यावीत, असे तेरावे प्रकरण सांगते.

हे भय निराधार नव्हते. दुसऱ्या शतकातील ल्यूशियनने पेरेग्रिनस नावाच्या भटक्या तत्त्वज्ञाची कथा सांगितली आहे. तो बंदिवासात असताना ख्रिस्ती जनांनी त्याला अन्न व द्रव्य पुरविले, असे तीत वर्णन आहे. लेखक उपहासकार आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे; पण अशा फसवणुकीची कल्पना त्याच्या वाचकांना अशक्य वाटली नसावी.

या नियमांचे महत्त्व असे की, पारखीसाठी लागणारे ज्ञान सामान्य श्रद्धावंतापाशीही असते. गूढ वाणीचा अर्थ त्याला लागला नाही, तरी पाहुणा किती दिवस राहिला आणि जाताना त्याने काय मागितले, हे त्याला कळतेच. अर्थात, संयमाने वागणारा लबाड या कसोट्यांतूनही निसटू शकतो. पंधराव्या प्रकरणात मंडळीने स्वतःच निर्लोभी व कसोटीस उतरलेले अध्यक्ष व सेवक निवडावेत, असे सांगितले आहे. तेथे ही पारख फिरत्या पाहुण्यापुरती न राहता मंडळीच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनाही लागू होते. श्रद्धा आणि विवेक यांना परस्परविरोधी न मानता, विवेक हेच श्रद्धावंताचे कर्तव्य ठरविणे, ही या लहानशा ग्रंथाची मोठी कामगिरी होय.