मामांचा राजा अडीच घरं उडाला

भाईंदर पश्चिमेहून सुटलेली बस मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन घेत चौक या गावाला येते आणि थांबते, कारण पुढे रस्ताच नाही. समोर खाडीचं तोंड, पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला. आम्ही गेलो ते जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या आणि बोंबील सुकवायच्या वलांड्या रिकाम्या. शेडच्या एका टोकाला पत्ते रंगले होते. दुसऱ्या टोकाला मासळीचा क्रेट पालथा घालून त्यावर मोबाइल आडवा ठेवलेला आणि त्याच्या दोन बाजूंना मामा-भाचे. मामा साठीचे, भाचा कॉलेजातला. बुद्धिबळ चाललं होतं.

मोबाइलवर बुद्धिबळ, यात नवल काही नाही. नवल वाटलं ते पडद्यावर जे नव्हतं त्याचं. ‘खातं उघडा’ नव्हतं, नाव-गाव नव्हतं, घड्याळ नव्हतं, गुण नव्हते, जाहिरात नव्हती, चुकलेल्या खेळीवर लाल फुली मारणारा शहाणाही नव्हता. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे आणि खाली एक ओळ: पांढऱ्याची पाळी. खेळी झाली की ओळ बदलायची: काळ्याची पाळी. भाच्यानं हे ब्राउझरचं पान स्वतःच केलेलं. प्रोग्रामिंग शिकणारी निम्मी पोरं केव्हा ना केव्हा हा पट मांडतात. सुतारकाम शिकणारा आधी पाट करतो, तसं.

यंत्राशी खेळायचं तर यंत्राला विचार करावा लागतो. तेही किती थोडक्यात भागतं याचा नमुना १९८३ सालचा आहे. झेडएक्स ८१ या घरगुती संगणकात जेमतेम एक किलोबाइट जागा. डेव्हिड हॉर्न या माणसानं तिच्यातले ६७२ बाइट वापरून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह आज तीन बाइट खातं. म्हणजे त्याचा सगळा बुद्धिबळपटू या एका परिच्छेदातसुद्धा मावेल. अर्थात त्यानं किल्लेकोट गाळला होता, प्याद्याची बढतीही गाळली होती.

दोघांच्या पटाला तेवढाही विचार नको. त्याचं काम पंच म्हणूनही नाही, पाट म्हणून. तरी पाटाला काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि त्या मोजायला बसलं की मजा वाटते. कुठला मोहरा कुठे आहे, एवढं पुरत नाही. पाळी कुणाची? कुणाचा राजा किंवा हत्ती हललाय, म्हणजे किल्लेकोटाचा हक्क कुणाचा गेला? आत्ताच दोन घरं उडी मारलेलं प्यादं कुठलं, कारण शेजारचं प्यादं त्याला जाता-जाता मारू शकतं, पण फक्त पुढच्याच खेळीत? पन्नास खेळ्यांत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलंही गेलं नाही, तर बरोबरी मागता येते. म्हणून तेही मोजायचं. डाव कितव्या खेळीत आहे, ते शेवटी. हे सगळं एका ओळीत लिहायची पद्धत आहे. डेव्हिड फोर्सिथ या स्कॉटिश पत्रकारानं एकोणिसाव्या शतकात पट ओळीत उतरवायची युक्ती काढली, आणि पुढे स्टीव्हन एडवर्ड्सनं ती संगणकासाठी बेतली. पांढऱ्याचे मोहरे मोठ्या इंग्रजी अक्षरांत, काळ्याचे छोट्या, आणि मोकळ्या घरांच्या जागी नुसता आकडा. डाव अर्धा सोडून घरी जायचं असेल तर ही ओळ चिठ्ठीवर लिहून खिशात टाकावी. एकच गोष्ट तिच्यात मावत नाही: हीच स्थिती आधी दोनदा येऊन गेली का. त्यासाठी सगळ्या खेळ्यांची वही ठेवावी लागते.

भाच्याची वेगळीच गंमत झाली होती. मोहऱ्यांची चित्रं काढायचा कंटाळा, म्हणून त्यानं युनिकोडमधली चिन्हं घेतली. तिथे नेहमीच्या बुद्धिबळाची बारा चिन्हं आहेत, सहा पांढरी, सहा काळी. ‘क’ लिहावा तसा घोडा लिहिता येतो. पण २०१८ मध्ये त्या बारांतल्या एकट्या काळ्या प्याद्याला इमोजी करण्यात आलं. झालं! काळा राजा, वजीर, हत्ती साधे छापील, आणि पुढची आठ प्यादी तेवढी गुळगुळीत, फुगीर, कुठल्या तरी दुसऱ्याच खेळातली वाटणारी. आठव्या घरात न पोचता मिळालेली बढती. उपाय म्हणून प्रत्येक प्याद्यामागे एक न दिसणारं चिन्ह लावावं लागतं, ज्याचा अर्थ एवढाच की हे अक्षर समजा, चित्र नव्हे. दुसरं काम सोपं होतं: काळे मोहरे १८० अंशांनी फिरवून टाकले, म्हणजे मोबाइल आडवा ठेवला की मामांना आपले मोहरे सरळ दिसतात.

खरा खटका उडाला तो मामांच्या राजावर. अजून एकही शह बसलेला नव्हता, आणि मामांनी बोटानं राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं टाकला.

“मामा, असं नाय चालत.”

“आमच्यात चालतं.”

मामांचं बरोबर होतं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या खेळलं गेलेलं देशी बुद्धिबळ असंच होतं. प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाला डावात एकदा अडीच घरांची उडी. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं सरसकट वजीर व्हायचं नाही, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा व्हायचं. राजापुढे राजा नाही, वजीर. आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे पुरी जीत नाही. गावागणिक यात फरक असायचा आणि भांडणंही. शह, काटशह, मात, जिच हे शब्द आज राजकारणाच्या बातमीत रोज वाचतो, ते या पटावरून उठून तिकडे गेले आहेत.

हे नियम कच्चे नव्हते. मीर सुलतान खान असंच खेळत वाढला, इथे असतानाच विलायती नियम शिकला, १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद जिंकून बसला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. पण स्पर्धा जगाच्या नियमांनी होणार म्हटल्यावर देशी पट मागे पडला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१चा. १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे डी. वेंकय्यांच्या बरोबरीनं विजेते ठरले. तिथून पुढे शाळेत, क्लबात, पुस्तकात एकच नियमावली. त्यात वाईट काही झालं नाही. नाहीतर नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकती ना.

मात्र ब्राउझरनं एक काम पक्कं केलं. बहुतेक पट बेकायदा खेळी घेतच नाहीत. मोहरा बोटाखालून सुटून जागेवर परत जातो. लाकडी पट असं कधी करत नव्हता. तिथे वाद घालायला वाव होता. भाच्याच्या पानात नियमांची तपासणी अजून लिहून झालेली नव्हती, म्हणून मामांचा राजा जिथे टाकला तिथेच बसून राहिला. भाच्याला ती उणीव वाटत होती. मला विचाराल तर दोघांच्या पटाचा तोच सगळ्यात मोठा गुण. दोन माणसं समोरासमोर आहेत, त्यांना कायदा ठरवता येतो.

समोरासमोर नसतील तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे लीचेस या संकेतस्थळासारखा दुसरा नमुना नाही. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणानं २०१० मध्ये तो सुरू केला. आजही फुकट, जाहिरातीशिवाय, आतला सगळा कोड उघडा. खातं न उघडता दुवा तयार करा, मित्राला पाठवा, तो उघडला की पट लागला. पण मध्ये नेट आलं की तिसरा खेळाडू आला. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारत रशियाशी खेळत होता. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. डाव चालू असताना जगभर इंटरनेटचा गोंधळ झाला, निहाल सरीन आणि तेव्हा चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि त्यांची वेळ संपली. भारतानं दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं गेलं.

मामा-भाच्यांच्या पानाला ती भीती नाही. एकदा उघडलं की सगळा कारभार मोबाइलमध्येच. रेंज गेली तरी डाव थांबत नाही. १ ऑगस्टनंतर मामा बोटीवर जातील तेव्हा हे पान तिथेही चालेल, असं भाचा सांगत होता. फक्त चुकून पान नव्यानं उघडू नये, कारण डाव जपून ठेवायची सोय त्यानं अजून केलेली नाही.

पाऊस ओसरला तेव्हा मामांकडे हत्ती आणि एक प्यादं उरलं होतं, भाच्याचा नुसता राजा. “बुर्जी,” मामा म्हणाले आणि डाव सोडला. भाच्याच्या हिशेबानं तो हरला होता.

तुमच्या घरात, वाडीत कुणी अडीच घरांचा राजा खेळणारं असेल, तर असा नियम न तपासणारा पट त्यांच्यापुढे ठेवा, एक डाव हरा, आणि त्यांचे नियम गावाच्या नावासकट लिहून घ्या.