माळवद की पत्रा?

मानवतच्या आमच्या घरावर पिढीजात माळवद. भर उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, पण आत कसे गारगार! यंदा ते गळू लागले आणि घरात वाद पेटला.

मी म्हटले, "आई, पत्रेच घालू या."

"अरे, वैशाखात आम्हाला भट्टीत बसवतोस का?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण दरवर्षी मृगाआधी आपण माळवदावर नवी माती टाकतो, जुनी मात्र काढीत नाही. थर अर्ध्या मीटरचा झाला की दर चौरस मीटरला सुमारे पाऊण टन भार! तेवढाच अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा भरतो जेमतेम पाच किलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात असल्याच ओझ्याखाली, मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली निजलेली हजारो माणसे गेली.

अखेर तोड निघाली. माती उतरवायची, भिंतींच्या माथ्यावर सभोवार काँक्रीटचा पट्टा घालायचा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्रे आकड्यांनी घट्ट जखडायचे आणि खाली हवेला पोकळी ठेवून लाकडी तक्तपोशी ठोकायची.

"आणि पावसाचा तो ताशा?" आईने विचारले.

"तो ऐकत झोपू; पण सकाळी उठू तरी!"

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच सुताराला निरोप धाडला.