समासातली पेन्सिल

गेले होते मुंबईच्या एका पोलीस ठाण्यातला 'महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष' पाहायला, आणि अडकले एका वहीत.

वही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाच्या मुलीची. फील्डवर्कच्या दिवशी कक्षात कोणी बोलून गेलं की तो संवाद आठवून, जमेल तितका शब्दशः लिहायचा. याला म्हणतात प्रोसेस रेकॉर्डिंग. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या एका बाईबद्दल मुलीनं लिहिलं होतं, 'क्लायंटने सहकार्य केले नाही.' शेजारी समासात सुपरव्हायझर मॅडमची पेन्सिल: 'ती नेमकं काय म्हणाली?' खाली मुलीनं आठवून लिहिलं, 'मला साडेबाराला धाकट्याला शाळेतून आणायचंय.' पुन्हा पेन्सिल: 'मग पुढची भेट किती वाजता ठेवशील?'

मी ते पान तीनदा वाचलं. समाजकार्याचं शिक्षण म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

या शिक्षणाची भारतातली सुरुवातही मुंबईचीच. 1936 साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. वस्तीत राहून काम करणारा हा माणूस, त्यामुळे वर्गाइतकंच वस्तीला महत्त्व आलं. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 1984 मध्ये संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत विशेष कक्ष सुरू केला, तो थेट पोलीस आयुक्तालयात. मार खाल्लेली बाई जिथं तक्रार घेऊन येते, तिथंच कार्यकर्तीनं बसायचं, इतका साधा विचार. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही 1996 मध्ये याच संस्थेतून उभी राहिली.

मॅडम पेन्सिलीवर एवढा जीव का टाकतात, हे मुलांच्या प्रकरणांत जास्त कळतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सापडलेलं मूल 24 तासांत बालकल्याण समितीसमोर न्यायचं आणि सामाजिक तपास 15 दिवसांत पुरा करायचा. मूल घरी जाणार की संस्थेत, हे ठरवताना समितीच्या हातात तो अहवाल असतो. 'आई घरी नसते' एवढंच त्यात लिहिलं, तर एक निकाल. 'आई पहाटे चारला फुलबाजारात जाते, अकराला परतते, तोवर शेजारची आजी सांभाळते' असं लिहिलं, तर कदाचित दुसरा. दुसरं वाक्य लिहायला त्या घरी जावं लागतं, शेजारच्या आजीपाशी बसावं लागतं. आणि ते करायचं असतं हे कुणीतरी शिकवावं लागतं.

तेच आता पातळ होतंय, आणि याचा मला घोर लागला आहे. डॉक्टर-वकिलांसारखी समाजकार्याला देशात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. कोणत्या महाविद्यालयात फील्डवर्कवर खरंच देखरेख होते आणि कुठं नुसत्या हजेरीच्या सह्या होतात, हे तपासणारं त्यामुळे कुणी नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी नेमले, पण अनेक ठिकाणी ते पद म्हणजे आधीच्या कामावरचा अतिरिक्त कार्यभार. बालसंरक्षणातल्या कितीतरी जागा कंत्राटी. माणूस हाताशी तयार होतो तोवर करार संपतो, आणि नव्यानं आलेल्याला शिकवायला जुनं कुणी उरत नाही.

"एक वही नीट वाचायला तास जातो," मॅडम म्हणाल्या. टेबलावर वह्यांची चळत होती.

तेवढ्यात दोन मुलांना घेऊन एक बाई दारात आली. "ताई, आत येऊ?" मॅडमनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली आणि बाईसाठी खुर्ची ओढली. वहीवाली मुलगी शेजारच्या स्टुलावर बसली. या वेळी तिनं आधी विचारलं, "तुम्हाला परत कधी निघायचंय?"