रीफ हुक: घ्यायचा कसा, ठेवायचा कुठे

प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशात ब्लू कॉर्नर नावाची डाइव्हिंगची जागा आहे. तिथे प्रवाह प्रवाळाच्या कड्यावर जोरात येऊन आदळतो, आणि शार्क बघायचे तर नेमकं त्या कड्याशीच थांबावं लागतं. पाय मारत किती वेळ थांबणार? दम लागतो, सिलिंडरमधली हवा भराभर संपते. म्हणून रीफ हुक: स्टीलचा आकडा, साधारण मीटर-दीड मीटर दोरी आणि दुसऱ्या टोकाला क्लिप.

आकडा न गंजणारा, बोथट टोकाचा घ्या. खरी पारख क्लिपची. दोरी ताणलेली असताना, हातमोजे घालून, एका हाताने ती सुटते का? दुकानातच करून बघा. सुटत नसेल तर फुकट मिळाली तरी नको. क्लिप जॅकेटच्या पुढच्या कडीला लावायची. मनगटाला किंवा गेजच्या नळीला कधीच नाही.

ठेवताना दोरीची गुंडाळी करून रबर लावा आणि आकड्यासकट खिशात टाका. लोंबता ठेवलात तर तो तुम्हाला न विचारता कुठेतरी अडकणार. फौजेत सैल पट्टा दिसला की आम्ही ओरडायचो, ते उगाच नाही.

अडकवायचं ते उघड्या खडकात, जिवंत प्रवाळात नाही. मग जॅकेटमध्ये थोडी हवा भरा, पतंगासारखे तरंगाल. निघताना मात्र आधी ती हवा सोडायची, मगच आकडा काढायचा. क्रम उलटा झाला तर तुम्ही वर उसळाल. 15 मीटरवरची हवा पृष्ठभागाशी येईतो अडीचपट फुगते, आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसातलीही.