मुदत ठेव

रविवारी सकाळी आमच्या नेरुळच्या घरात लोण्याचा खमंग वास सुटतो. धाकटी लेक आणि तिच्या तीन मैत्रिणी केक करत असतात, शेजारी ब्रिटिश बँडची गाणी चालू. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला इथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा चौघीही गेल्या होत्या. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण त्यांचं हसणं ऐकलं की एक मित्र आठवतो.

ऐंशीच्या सुमारास आम्ही दोघे फोर्टात बँकेत कारकून. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपलं की काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचं, तिथल्या छोट्या खोलीत तबकड्या ऐकायच्या आणि बहुतेक वेळा काहीच न घेता बाहेर पडायचं! मग धोबी तलावच्या कयानीत चहा आणि बनमस्का. पुढे बढत्या आल्या, बदल्या आल्या. ‘निवृत्त झालो की सगळे शनिवार वसूल करू,’ असं तो म्हणायचा. २०१६ साली ऱ्हिदम हाऊस बंद झालं. तो त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता.

जन्मभर लोकांच्या मुदत ठेवी सांभाळल्या. शनिवारांची ठेव होत नाही, हे उशिरा कळलं.

चौघींपैकी एक आता मँचेस्टरला शिकायला निघाली आहे. परवा लेक म्हणाली, ‘‘बाबा, ती जायच्या आधी कयानीत जातोय. येता?’’

‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं.

‘‘येतो,’’ म्हटलं.