लाल झारीचा इशारा

बीडहून सोलापूरकडे निघालेल्या गाडीला मांजरसुंब्याचा घाट चुकत नाही. बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधून जाते, त्यामुळे धुळे–सोलापूर महामार्ग असो की धारूरचा घाट, इथल्या वाहनाच्या वाट्याला चढ येतोच. त्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे, शेतरस्त्यांवर दगडगोटे आणि साखर हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर. अशा मुलखात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने डॅशबोर्डवरचा एक दिवा नीट ओळखायला हवा. तो म्हणजे तेलाच्या झारीचे लाल चित्र, ऑइल प्रेशर कमी झाल्याचा इशारा.

केसाहून बारीक थर

क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ती फट तेलाने भरलेली असते. फिरणारा क्रँक तेल स्वतःबरोबर ओढून निमुळत्या जागेत घुसवतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि क्रँक तेलाच्या थरावर उचलला जातो. इंजिन नीट चालू असेल तर इथे धातू धातूला टेकतच नाही.

हे रहस्य १८८३ मध्ये इंग्लंडमधले अभियंते बीचम टॉवर यांच्या प्रयोगात उघड झाले. ते रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगचे घर्षण मोजत होते. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल उलटे वर येऊ लागले. त्यांनी बूच बसवले, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने दोन्ही बाहेर ढकलली. दाबमापक जोडला तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र त्याच्या निम्माच होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. आजच्या मोटारगाड्यांच्या इंजिनातली क्रँकची बेअरिंग त्याच तत्त्वावर चालतात.

हा थर टिकायचा तर तेलाचा पुरवठा अखंड हवा. खालच्या चेंबरमधले तेल जाळीतून पंपात, तिथून फिल्टरमध्ये आणि पुढे बारीक वाटांनी बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि टर्बोपर्यंत पोचते. बहुतेक गाड्यांत गरम इंजिन आयडलवर असताना हा दाब १ बारच्या आसपास, तर चालत्या गाडीत ३ ते ४ बार असतो.

लाल दिव्याचा साधा स्विच मात्र दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे झारी उजळते तेव्हा पुरवठा जवळजवळ तुटलेला असतो. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो. कोरड्या बेअरिंगवर तेवढे फेरे काही मिनिटे झाले, की इंजिन सीझ होऊ शकते.

दिवा लागला तर

किल्ली फिरवल्यावर दिवा लागणे आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझणे, हे ठीक आहे. चालत्या गाडीत तो लागला तर गाडी लगेच सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत जाऊ, हा विचारही नको. सपाट जागेवर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहा. तेल कमी असेल तर योग्य ग्रेडचे भरा. त्यानंतरही दिवा विझला नाही, किंवा पातळी मुळातच बरोबर असेल, तर गाडी टोचन करूनच न्या.

दिवा केव्हा लागतो, यावरूनही कारणाचा माग लागतो. घाटाच्या वळणावर किंवा चढावर क्षणभर लुकलुकत असेल, तर तेल कमी असण्याची शक्यता मोठी. तेल एका बाजूला सरकते आणि जाळी हवा ओढते. लांबच्या प्रवासानंतर फक्त आयडलवर लागत असेल, तर पातळ झालेले तेल, झिजलेला पंप किंवा झिजलेली बेअरिंग यांचा संशय घ्यावा. शेतरस्त्यावर चेंबरला दगड लागल्यावर दिवा लागला, तर खाली वाकून गळती आणि पोचा दोन्ही पाहावे; पोच्यामुळे जाळीची तोंडवाट दबते.

आधी मोजमाप, मग दुरुस्ती

चांगला मेकॅनिक अंदाजाने पंप बदलत नाही. तो प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचे गेज लावतो आणि गरम इंजिनाचा दाब आयडलवर व २,००० ते ३,००० आरपीएमला मोजतो. आकडे कंपनीच्या मापात बसले, तर दोष स्विच किंवा वायरिंगचा. काम स्वस्तात होते.

दाब खरोखर कमी असेल तर तेल काढून तपासतात. दुधाळ तेल म्हणजे त्यात कूलंट मिसळले आहे. पेट्रोलचा वास म्हणजे ते इंधनाने पातळ झाले आहे. चकाकणारे कण म्हणजे बेअरिंग झिजले आहे. मग फिल्टर, चेंबर उतरवून गाळाने बुजलेली जाळी, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंपाची झीज, या क्रमाने पाहतात. बेअरिंग गेले असेल तर क्रँक मोजून, गरज पडल्यास ग्राइंड करून नवे बेअरिंग बसवावे लागते. इंजिनाचे काम काढण्याची ही वेळ आहे. तेलात धातूचे कण सापडले, तर तेलवाटा धुतल्याशिवाय इंजिन जोडू नये. उरलेले कण नवे बेअरिंगही खातात.

दिवा विझावा म्हणून जाड तेल ओतणे किंवा स्विचची वायर काढून ठेवणे हा उपाय नव्हे. जाड तेलाने आकडा थोडा वाढतो, झीज तशीच राहते. वायर काढली तर इशाराही जातो.

बीडच्या धुळीत, उन्हात आणि चढावर इंजिन टिकवायचे असेल, तर दर आठवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक पाहा, तेल आणि फिल्टर मुदतीत बदला, ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलीच ठेवा. आणि लाल झारी उजळली की सर्वात आधी इंजिन बंद करा. त्याहून स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.