गहू सुटला की गोळी जास्त होते

थायरॉइडची गोळी चालू आहे, मध्येच सिलिअॅक आजार निघतो, डॉक्टर गहू बंद करायला सांगतात. दोन-तीन महिन्यांत पोट शांत होतं, पण छातीत धडधड सुरू होते, झोप उडते, हात थरथरतो. अशा वेळी पहिला संशय गोळीवर जातो. 'मला ही गोळी सोसत नाही' म्हणून काही जण ती परस्पर बंद करतात. कृपा करून तसं करू नका. गोळी तीच असते, आतडं बदललेलं असतं.

थायरॉनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं वेगवेगळी असली तरी आतलं औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. आपल्या गळ्यातली ग्रंथी जे संप्रेरक बनवते, तेच कारखान्यात बनवून गोळीत घातलेलं असतं. त्यामुळे मात्रा बरोबर असेल तर या गोळीचे दुष्परिणाम फार थोडे. जो त्रास होतो तो बहुतेक वेळा मात्रा कमी पडल्याचा किंवा जास्त झाल्याचा. ग्रंथीचं काम जवळपास थांबलं असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. पण हा हिशोब पोटात गेलेल्या औषधाचा आहे. रिकाम्या पोटी घेतलं तरी त्यातलं साधारण ७० ते ८० टक्केच रक्तात उतरतं, आणि ते उतरतं लहान आतड्यातून.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्यामुळेच शोषणाला एवढी मोठी जागा मिळते. सिलिअॅक असलेल्या माणसाने गहू किंवा जव खाल्ला की त्यातल्या ग्लुटेनविरुद्ध शरीराची संरक्षणयंत्रणा उठते आणि हे उंचवटे झिजून सपाट होतात. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम जात नाही आणि थायरॉक्सिनही पुरेसं जात नाही. थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तातला टीएसएच वाढतो. डॉक्टर टीएसएच बघतात, वाढलेला दिसतो, मात्रा वाढवतात. ७५ ची १०० होते, १०० ची १२५ होते, तरी टीएसएच खाली येत नाही. 'गोळी वेळेवर घेत नसाल' असं पेशंटलाच ऐकावं लागतं. वजनाच्या मानाने गोळी फारच वाढत चालली आणि सोबत हिमोग्लोबिनही वर येत नसेल, तर सिलिअॅकची तपासणी का करू नये, हे आपण होऊन विचारावं. हाशिमोटो या नावाने ओळखला जाणारा थायरॉइडचा विकार आणि सिलिअॅक, दोन्ही शरीर स्वतःवरच उलटल्याने होतात आणि एकाच माणसात ते योगायोगापेक्षा जास्त वेळा आढळतात.

सिलिअॅकमुळे गोळी किती जास्त लागते, हे रोमच्या डॉक्टरांनी २०१२ साली आकड्यांत मांडलं. हाशिमोटोच्या साध्या पेशंटना किलोमागे १.३१ मायक्रोग्रॅम पुरत होते, सिलिअॅकही असलेल्यांना १.९६ लागत होते, म्हणजे जवळपास दीडपट. ग्लुटेन पूर्ण बंद करून वर्षभराच्या आत तेच पेशंट पुन्हा १.३२ वर आले. आता हा आकडा उलटा वाचून बघा. आतडं भरून आलं आणि कोणी गोळी कमी केलीच नाही, तर माणूस गरजेच्या दीडपट मात्रा रोज घेत राहतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा विषय परका नाही. इथल्या कारखान्यांत लाइनवर मराठवाड्यातला माणूस हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या माणसाशेजारी उभा असतो. दिल्ली परिसरातली २०११ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की तिथे शंभरात जवळपास एकाला सिलिअॅक असतो. गहू रोज खाणाऱ्या उत्तरेत तो जास्त आढळतो, पण मराठी घरांतही आहे, फक्त अशक्तपणा किंवा अॅसिडिटी म्हणून वर्षानुवर्षं दडून राहतो.

जास्त मात्रेची लक्षणं चटकन ओळखूही येत नाहीत. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये व्हर्नियर धरताना हात थरथरायला लागला तर माणूस म्हणतो, वय झालं. घाम फुटला तर शेडचा पत्रा तापला. सगळ्यात घोटाळा होतो जुलाबांचा. मात्रा जास्त झाली की शौचाला पातळ होतं, आणि सिलिअॅकचा पेशंट समजतो की कॅन्टीनमधून कुठून तरी गहू पोटात गेला. तो जेवण आणखी आवळतो आणि मूळ कारण तसंच राहतं. दीर्घकाळ जास्त मात्रा गेली तर हाडं विरळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. सिलिअॅकमध्ये हाडं आधीच कमजोर असतात, म्हणून इथे हयगय परवडत नाही.

गोळीतच गहू असतो का, हा प्रश्नही हमखास येतो. ५० मायक्रोग्रॅमची गोळी साधारण १०० मिलिग्रॅम वजनाची धरली, तर त्यात औषध दोन हजारांत एक भाग. बाकी सगळा भराव, बहुधा मक्याचा स्टार्च, सेल्युलोज किंवा लॅक्टोज. गव्हाचा स्टार्च क्वचित असतो. शंका असेल तर पॅकवरच्या कस्टमर केअरला ब्रँड आणि बॅच सांगून विचारावं. पण या शंकेपायी गोळी सोडणं हे मोठं नुकसान आहे.

खरा गहू लपतो तो स्वयंपाकघरात. डबीतल्या कुटलेल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि फोडणी तर वरणापासून उसळीपर्यंत सगळ्यात. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी घालतात. बिहारचं सत्तू हरभऱ्याचं, आपल्या सातूच्या पिठात मात्र गहू. कॅन्टीनमधले पोहे चालतील, उपमा नाही, मिसळीबरोबरचा पाव नाही. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी उत्तम, पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर तोच भाकरीत येतो. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत नसाल तर प्रश्नच मिटला. तयार पीठ घेताना पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बघा. किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे.

एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती आधीच सांगायला हवी होती. तपासणी व्हायच्या आधी गहू सोडू नका. रक्तातली टीटीजी चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाताखाताच खरं सांगतात. गव्हाने नुसतं पोट फुगत असेल, पण या तपासण्या स्वच्छ असतील, तर आतड्याचे उंचवटे शाबूत असतात आणि गोळीच्या शोषणात सहसा फरक पडत नाही.

आता शिफ्ट. फर्स्ट शिफ्टची बस पहाटे साडेपाचला, गोळी पाचला आणि लगेच चहा, हे चालत नाही. गोळी आणि चहा-नाश्ता यांत अर्धा ते एक तास हवा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सिलिअॅकच्या पेशंटला हमखास लिहून दिलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल तर घड्याळ सोडा, रिकामं पोट धरा. उठल्याउठल्या जमलं तर तेव्हा, नाहीतर जेवणानंतर तीन तासांनी झोपताना. हे औषध रक्तात अर्ध्यावर यायला सात दिवस घेतं, त्यामुळे वेळ चार-सहा तास सरकली तरी बिघडत नाही. बाटली दुचाकीच्या डिकीत मात्र ठेवू नका, उन्हाने औषधाची ताकद उतरते.

गहू सोडायचा ठरला की त्याच दिवशी थायरॉइड बघणाऱ्या डॉक्टरांना सांगा. पोटाचे डॉक्टर वेगळे असतात आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत बहुधा पोचत नाही. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात दाखवत असाल, मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात किंवा खासगीत, दोन्ही फायली एकत्र न्या. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि आतडं भरून येईपर्यंत त्याच अंतराने करत राहा. टीएसएच ०.४ च्या खाली गेला तर मात्रा कमी करायची, आणि ती डॉक्टरांनीच. ब्रँड बदलला तरी पुन्हा सहा आठवड्यांनी तपासणी. रक्त द्यायला जाल त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.